मॅन्सर्ड छप्पर: आधी ठरवा, ती भिंत आहे की छप्पर

तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी मांडते. अमेरिकेत बोस्टनच्या साउथ एंड भागातलं रांगेतलं टोकाचं जुनं घर आहे. तीन बाजू मोकळ्या, चौथी शेजारच्या घराशी सामाईक भिंत. पॉइंट क्लाउड (लेझर स्कॅनमधून आलेला बिंदूंचा थ्रीडी ढग) हातात आहे आणि रेव्हिट या इमारतींची मॉडेलं करायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचं मॅन्सर्ड, म्हणजे मध्येच मोडलेल्या दोन उतारांचं, छप्पर उभं करायचंय. तुम्ही रूफ बाय फूटप्रिंट या कमांडनं प्लॅनमध्ये बाहेरची रेषा काढून ७० अंशांचा उतार दिलात, तर छप्पर देवळाच्या शिखरासारखं आभाळाला भिडलं. मग कुणीतरी कटऑफ लेव्हल, म्हणजे छप्पर आडवं कापणारी पातळी, सुचवली. ती लावून वरचं छप्पर वेगळं बसवलंत, पण दोघांच्या मध्ये फट राहिली. खाली कॉर्निसपाशी (भिंतीच्या माथ्यावरची पुढे आलेली पट्टी) एक विचित्र जाड पट्टा दिसायला लागला आणि डॉर्मर ओपनिंग, म्हणजे उतारातून बाहेर डोकावणाऱ्या खिडकीसाठी छपराला पाडायचं भोक, काही केल्या होईना. म्हणून तुम्ही विचारलंत, "सर, एकाच छपराला दोन उतार देणारी कमांड रेव्हिटमध्ये नक्की कुठे आहे?"

अशी कमांड नाही. आणि सर नाही, ताई म्हणा. सतरा वर्षं पुण्यात बसून परदेशातल्या इमारतींची मॉडेलं करतेय. त्यातली निदान वीसेक तरी मॅन्सर्डची असतील.

शिखर का झालं ते आधी बघू. तुमचं घर साधारण ६ मीटर रुंद आणि १२ मीटर खोल आहे असं धरू. पुढचं आणि मागचं पाखं १२ मीटरच्या मध्यावर, म्हणजे ६ मीटर आत गेल्यावर भेटणार. ७० अंशांना एक मीटर आत गेलं की पावणेतीन मीटर वर जावं लागतं, म्हणजे आढं साडेसोळा मीटर उंचीवर गेलं. रेव्हिटची काही चूक नाही, तुम्ही सांगितलंत तेच त्यानं केलं. अमेरिकी पद्धतीत हाच उतार बारा इंचाला जवळपास ३३ इंच असा लिहितात. तुमच्या प्रोजेक्टची एककं फूट-इंचात असतील, तेव्हा हा आकडा लक्षात ठेवा. पुढचा हिशेब मी सवयीनं मिलिमीटरमध्ये करतेय, तुम्ही बदलून घ्या.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडचं चौपाखी कौलारू घर डोळ्यांसमोर आणा. चारी बाजूंनी पाखी चढतात आणि आढ्याला मिळतात. मॅन्सर्डमध्ये प्रत्येक पाखं मध्येच मोडलेलं असतं. खालचा भाग जवळजवळ उभा, वरचा जवळजवळ आडवा. फ्रेंच कारागीर खालच्या भागाला ब्रिझी म्हणतात, वरच्याला तेरासों. दोन्ही जिथे मिळतात तिथे जस्ताच्या पत्र्याची गोलसर पट्टी असते, ती मेंब्रों. एकाच छपराच्या दोन भागांना त्यांनी दोन स्वतंत्र नावं ठेवली आहेत, त्यामुळे मॉडेलमध्येही ते दोन स्वतंत्र घटक असले तर बिघडत नाही.

हे छप्पर आलं कुठून हेही दोन वाक्यांत सांगते, कारण त्याचा थेट संबंध आहे. फ्रांस्वा मांसार (१५९८–१६६६) या वास्तुविशारदाचं नाव त्याला पडलं, पण असा मोडलेला उतार पॅरिसमध्ये त्याच्याही आधीपासून, सोळाव्या शतकात लूव्र राजवाड्याच्या बांधकामात वापरला होता. तो फोफावला तो उंचीच्या नियमांमुळे. १७८३ पासून पॅरिसमध्ये इमारतीची उंची कॉर्निसपर्यंत मोजली जाऊ लागली, छप्पर त्याच्या वर. मग काय, कॉर्निसच्या वर उतार इतका उभा करायचा की आत एक अख्खा राहता मजला मावला पाहिजे. एकोणिसाव्या शतकात ही फॅशन अटलांटिक ओलांडून गेली. बोस्टनचा जुना सिटी हॉल (१८६५) त्याच घराण्यातला. त्याचे फोटो काढून बघा, तुमच्या घराचं डोकं कसं दिसायला हवं याचा अंदाज येईल.

म्हणजे तो खालचा उतार ही खरं तर छपराचे कपडे घातलेली भिंत आहे. त्याच्या मागे माणसं राहतात, त्यात खिडक्या आहेत, आतून प्लास्टर आहे. मॉडेल करताना पहिला प्रश्न हाच असतो, की या घटकाला रेव्हिटमध्ये भिंत म्हणायचं की छप्पर? तुमच्या बहुतेक अडचणी हे न ठरवता सुरुवात केल्यामुळे आल्या आहेत.

याचं एकच उत्तर नाही, परिस्थितीवर आहे. माझा ढोबळ नियम असा. इमारत जुनी, उतारावर स्लेटची (पाटीच्या दगडाची) कौलं, डॉर्मर बाहेर डोकावणारे, काम दुरुस्तीचं किंवा जतनाचं असेल तर मी छप्पर धरते. इमारत नवी, उतार ७५–८० अंशांचा, खिडक्या उताराच्याच पातळीत बसवलेल्या असतील तर सरळ तिरकी भिंत करते. रेव्हिट २०२१ पासून भिंतीच्या प्रॉपर्टीजमध्ये क्रॉस-सेक्शन हा पर्याय आहे. तिथे स्लँटेड निवडायचं आणि अँगल फ्रॉम व्हर्टिकलमध्ये २० अंश द्यायचे. ७० नव्हे, २०. कोन उभ्या रेषेपासून मोजला जातो. आमच्याकडे नव्यानं आलेली मुलं इथे हमखास ७० टाकतात आणि भिंत लोळण घेते. तिरक्या भिंतीचा फायदा म्हणजे कोपरे आपोआप जुळतात, खिडकीची फॅमिली (तयार घटक) नेहमीची चालते आणि खिडकी उभी ठेवायची की भिंतीबरोबर कलती हे ओरिएंटेशनमधून ठरवता येतं. तोटा असा की स्लेटचं क्षेत्रफळ भिंतींच्या शेड्यूलमध्ये (मापांच्या तक्त्यात) जाऊन बसतं. कॉन्ट्रॅक्टर छपराच्या शेड्यूलमध्ये शोधत राहतो.

तिसरी शक्यता म्हणजे उतार सरळ नसून वक्र असणं, खाली घंटेसारखा पसरणारा किंवा फुगीर. साउथ एंडमध्ये पुढे बाक काढलेल्या गोल दर्शनी भिंतींची घरंही आहेत. प्लॅनमधला बाक फूटप्रिंटला चालतो, कमानीच्या रेषेलाही उतार देता येतो. पण सेक्शनमधला, म्हणजे उभ्या छेदातला, बाक फूटप्रिंटला झेपत नाही. तिथे रूफ बाय एक्स्ट्रूजन किंवा इन-प्लेस फॅमिलीत स्वीप करावा लागतो. तुमच्या वर्णनावरून उतार सरळ दिसतोय, म्हणून तिकडे जात नाही.

तर तुमच्या घरासाठी मी छप्पर धरेन, दोन वेगळी छपरं. तुमची पद्धत बरोबरच होती, आकडेमोड राहिली.

आधी तो कॉर्निसपाशीचा जाड पट्टा. माझ्या पहिल्या मॅन्सर्डला मीही इथेच आपटले होते. छपराची जाडी २०० मिलिमीटर, उतार ७० अंश, फूटप्रिंटची रेषा भिंतीच्या बाहेरच्या कडेवर. थ्रीडीमध्ये दुरून सगळं छान. ड्रॉइंग गेलं आणि दुसऱ्या दिवशी तिकडच्या आर्किटेक्टनं सेक्शनवर लाल गोल काढून पाठवला. कॉर्निसवर जवळजवळ दोन फूट उंचीची उभी सपाट भिंत आणि तिच्यावरून स्लेट सुरू. असं काही त्या घराला नव्हतंच. खाली त्यानं एवढंच लिहिलं होतं, "हे काय आहे?" मला उत्तर द्यायला अर्धा दिवस लागला.

कारण असं. रेव्हिटमध्ये फूटप्रिंटच्या रेषेवर, बेस लेव्हलला छपराचा खालचा पृष्ठभाग येतो, वरचा नाही. जाडी उताराला काटकोनात मोजली जाते. पण रॅफ्टर कट (छपराची कड कशी कापायची ते सांगणारी सेटिंग) प्लंब असेल, आणि मुळात तो तसाच असतो, तर कड उभी कापली जाते. त्या उभ्या कापाची उंची म्हणजे जाडी भागिले उताराच्या कोनाचं कोसाइन. आपल्या कौलारू घराच्या ३० अंशांना २०० चे २३१ होतात, कुणाच्या लक्षातही येत नाही. ७० अंशांना २०० चे ५८५ होतात. तो तुमचा पट्टा.

उपाय असा. बेस ऑफसेट फ्रॉम लेव्हलमध्ये उणे ५८५ द्या. आता स्लेटचा बाहेरचा पृष्ठभाग बरोबर फूटप्रिंटच्या रेषेतून, बेस लेव्हललाच सुरू होतो. पण उभा काप आता कॉर्निसच्या खाली, भिंतीत घुसतो. म्हणून रॅफ्टर कट बदलून टू कट प्लंब करा आणि फॅशिया डेप्थ (उभ्या कडेची उंची) अगदी थोडी, २० वगैरे ठेवा. खालचा जास्तीचा भाग आडवा कापला जाईल. हे सगळं करताना एक सेक्शन उघडा ठेवा आणि त्यात बघत बघतच करा. मॅन्सर्ड थ्रीडीत बघून कधी करू नये, थ्रीडीत सगळी छपरं गोड दिसतात.

जाडी बदलली की ५८५ बदलतो हे लक्षात ठेवा. रूफ टाइपमध्ये कुणी इन्सुलेशनचा थर वाढवला की हा आकडा कुणी तपासत नाही. मी तो टाइपच्या कॉमेंट्समध्येच लिहून ठेवते.

आता फट. आधी मोडीच्या रेषेला स्वतःची लेव्हल द्या. नाव काहीही ठेवा, मी "मॅन्सर्ड ब्रेक" ठेवते आणि तिचा प्लॅन व्ह्यू काढून टाकते, म्हणजे प्रोजेक्ट ब्राउझरमध्ये गर्दी होत नाही. खालच्या छपराला हीच कटऑफ लेव्हल, वरच्याला हीच बेस लेव्हल. तुम्ही कटऑफ ऑफसेटमध्ये हातानं आकडा टाकला असावा. मग मजल्याची उंची कुणी ५० नं हलवली की दोन्ही छपरं वेगवेगळ्या दिशांना जातात. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात ना, ते इथे शब्दशः घडतं.

समजा, मोडीची रेषा कॉर्निसपासून २७०० वर आहे. २७०० भागिले २.७४७ (७० अंशांचा टॅन्जंट, मघाचे पावणेतीन) केलं की ९८३. म्हणजे स्लेटचा बाहेरचा पृष्ठभाग तिथे पोचेपर्यंत ९८३ आत गेलेला असतो. कटऑफ छपराला आडवं कापतं, आणि तिरक्या जाडीचा आडवा काप नेहमी रुंद येतो. २०० जाडीला ७० अंशांवर २१३. म्हणजे वरून बघितलं तर २१३ रुंदीची एक चौकट दिसते, बाहेरची कड ९८३ वर, आतली ११९६ वर.

वरच्या छपराचं फूटप्रिंट काढताना तुम्ही पिक लाइन्सनं यातली आतली कड उचलली आहे, माझी खात्री आहे. प्लॅनमध्ये कर्सर नेला की बऱ्याचदा तीच आधी उजळते. म्हणून २१३ रुंदीची ती चौकट उघडीच राहिली आणि तिला तुम्ही फट म्हणताय. टॅब दाबून बाहेरची कड निवडा आणि तिच्याही बाहेर ३०–४० मिलिमीटर पुढे या. तेवढा पुढावा खऱ्या घरालाही असतो, पाणी खालच्या स्लेटच्या मागे न जाता तिच्यावर पडावं म्हणून. आपल्या वळचणीचंच काम.

आता वरच्या छपराची कड दिसेल. उतार १० अंश आणि जाडी २०० धरली तर उभी कड २०३ येते. फोटोत तिथली पट्टी तेवढी जाड आहे का बघा. जाड असेल तर प्रश्न मिटला. बारीक असेल, समजा १२०, तर इथेही टू कट प्लंब वापरून फॅशिया डेप्थ १२० करा आणि बेस ऑफसेट उणे ८३ द्या, नाहीतर कडेखाली तेवढी फट राहील. पट्टीचा गोलवा हवाच असेल तर रूफ फॅशियाच्या कमांडनं प्रोफाइल फिरवा. आणि दोन्ही छपरं जॉइन जॉमेट्रीनं जोडा, म्हणजे सेक्शनमधल्या अनावश्यक रेषा जातील. इथे जॉइन/अनजॉइन रूफ वापरू नका. ती कमांड एका छपराची कड लांबवून दुसऱ्याच्या अंगावर नेण्यासाठी आहे, डॉर्मरला लागेल.

सामाईक भिंतीच्या बाजूला डिफाइन्स स्लोप (त्या रेषेला उतार देणारी खूण) काढून टाका, दोन्ही छपरांना. तिथे पाखं नाही, सरळ काप आहे. ती भिंत छपराच्या वर डोकं काढते की नाही हे पॉइंट क्लाउडमध्ये बघा. काढत असेल तर तिला छपराला अॅटॅच करू नका, तिची उंची तिचीच राहू द्या. दर्शनी भिंती मात्र कॉर्निसपाशीच थांबायला हव्यात. अॅटॅच टॉप करताना चुकून वरचं छप्पर निवडलं की भिंत अख्ख्या माळ्यातून वर घुसते, आणि बाहेरून ते दिसतही नाही.

कोपऱ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पॉइंट क्लाउडवरून काम करताय म्हणून सांगते. जुन्या घरात तिन्ही बाजूंचा उतार सारखा असेलच असं नाही. समोर ७० आणि बाजूला ६६ मोजलंत तर प्लॅनमध्ये कोपऱ्याची रेषा ४५ अंशांवर राहणार नाही, कमी उताराच्या बाजूला जास्त जागा देऊन सरकेल. क्लाउडमध्ये ती रेषा बरोबर ४५ वर दिसत असेल, आणि कोपरा काटकोनात असेल, तर तुमच्या दोन मापांपैकी एक चुकलंय. बहुतेकदा उतार मोजताना स्लेटच्या ऐवजी गटारीची किंवा पट्टीची कड पकडलेली असते. उतार मधल्या भागात, किमान दीड मीटर उंचीच्या फरकावर मोजा.

आता डॉर्मर. इथे ७० अंशांचा उतार परत त्रास देतो, पण उलट्या बाजूनं. डॉर्मरची दर्शनी भिंत १५०० उंच असेल तर तिच्या माथ्यापासून मागे उतार फक्त ५४६ वर आहे. म्हणजे डॉर्मरच्या बाजूच्या भिंती जेमतेम अर्धा मीटर खोल. तुम्ही त्या स्लेटपाशीच थांबवल्या असणार, कारण दिसायला तेवढ्याच लागतात. पण डॉर्मर ओपनिंगची हद्द घेताना पृष्ठभाग कमी पडू नयेत म्हणून मी त्या छपराची पूर्ण जाडी ओलांडून नेते. ५४६ अधिक २१३, म्हणजे साडेसातशेच्या पुढे. त्याआधीच भिंत संपली तर हद्दीच्या रेषा एकमेकींना न भिडता ते एररचं खोकं येऊ शकतं. मी बाजूच्या भिंती सरळ ९०० काढते, मग अॅटॅच बेसनं त्यांचा तळ खालच्या छपराला लावते, म्हणजे आत उतरलेला जास्तीचा भाग जातो.

क्रम असा ठेवा: डॉर्मरच्या भिंती, त्याचं छोटं छप्पर, जॉइन/अनजॉइन रूफनं त्या छपराची मागची कड ब्रिझीला, आणि सर्वात शेवटी डॉर्मर ओपनिंग. हद्द घेताना बाजूच्या भिंतींचे आतले पृष्ठभाग घ्या, बाहेरचे घेतलेत तर भिंतीखालीच भोक पडतं. छोटं छप्पर जुळतच नसेल तर त्याचं आढं मोडीच्या रेषेच्या वर गेलंय का ते तपासा. ब्रिझी तिथे संपते, मग कड भिडणार कशाला? वरच्या छपराला एकदम भिडणारे डॉर्मरही असतात, पण ते मुद्दाम केलेले असतात आणि फोटोत स्पष्ट दिसतात.

एक डॉर्मर पूर्ण झाला की लगेच बाकीचे कॉपी करू नका. ओपनिंग कॉपीबरोबर नीट येईलच याचा मला भरवसा नाही. मी भिंती आणि छप्पर कॉपी करते आणि ओपनिंग प्रत्येकाचं नव्यानं घेते. चार डॉर्मरना वीस मिनिटं जातात, जाऊ देत.

माळ्यातल्या खोल्या शेवटी बघा. एरिया अँड व्हॉल्यूम कॉम्प्युटेशन्समध्ये व्हॉल्यूम चालू करा, दोन्ही छपरांना रूम बाउंडिंग (छपराला खोलीची हद्द धरणारी खूण) टिकवा आणि रूमची वरची हद्द तेरासोंच्या वर न्या. नाहीतर रूम कललेल्या भिंतीची दखलच घेत नाही. क्षेत्रफळ कुठल्या उंचीवर मोजायचं हे लेव्हलच्या कॉम्प्युटेशन हाइटवर ठरतं. जमिनीलगत मोजलं तर खोली मोठी दिसते, दीड मीटरवर मोजलं तर प्रत्येक उताराच्या बाजूला साधारण ५४६ नं आत येते. कुठलं बरोबर हे तुम्ही ठरवायचं नाही. क्लायंटला लेखी विचारा, कारण तिथल्या विक्रीच्या जाहिरातीत तोच आकडा छापला जाऊ शकतो.

दुसऱ्या सॉफ्टवेअरबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंत. आर्किकॅडमध्ये मल्टी-प्लेन रूफला उताराचे एकावर एक टप्पे देता येतात, तिथे हे काम खरंच सोपं आहे. चीफ आर्किटेक्टमध्ये भिंतीच्याच सेटिंगमध्ये वरचा उतार कुठून सुरू होतो ते सांगता येतं. पण क्लायंटला रेव्हिट हवंय म्हटल्यावर त्याचा काय उपयोग. आयात केलेलं छप्पर डॉर्मर ओपनिंग घेणार नाही.

पुढचा प्रयत्न केलात की थ्रीडीचा नको, मध्यभागातून घेतलेल्या सेक्शनचा स्क्रीनशॉट टाका. त्यावर चार मापं लिहा: छपराची जाडी, मोजलेला उतार, मोडीच्या रेषेची कॉर्निसपासून उंची आणि वरच्या पट्टीची जाडी. आणि तुमचं रेव्हिट कुठल्या वर्षाचं आहे तेही सांगा. २०२१ च्या आधीचं असेल तर तिरक्या भिंतीचा पर्याय तसाही बाद.